उजवीकडची मोकळी जागा

"इथं नाही," असं म्हणत यांनी मी खडूनं आखलेला चौकोन चपलेनं पुसून टाकला.

सकाळपासून तो चौकोन मी कितीदा तरी काढला होता आणि यांनी तितक्यांदा पुसला होता. आमचं संडास-बाथरूम एकच, काड्यापेटीएवढं. जुनं खाली बसायचं भांडं उखडून ज्ञानू मिस्त्रीनं जमीन मोकळी केली होती. नवा कमोड नेमका कुठं बसवायचा ते दुपारच्या आत सांगा, म्हणून तो मागच्या पायरीवर विडी ओढत बसला होता. एकदा पाइप काँक्रीटमध्ये गाडला की गाडला, मग जन्मभर तिथंच बसायचं, असं त्यानं आम्हाला बजावलं होतं.

"का नाही इथं?" मी विचारलं. "खिडकीखाली मधोमध कमोड. उजव्या भिंतीला बेसिन. बेसिनवर आरसा. सगळं बसतंय. मी टेपनं मोजलंय."

"कमोड डाव्या भिंतीकडं सरकवायचा. उजवीकडं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मोकळं."

"एवढ्याशा खोपटात मोकळं? कशाला?"

"जागा लागते," हे म्हणाले.

"कुणाला?"

हे पाटबंधारे खात्यात होते. कालव्याचं पाणी सोडतात तसं यांचं बोलणं सुटायचं, पाळी असेल तेव्हाच. मी खडू फेकून दिला आणि उठले.

मी यांची दुसरी. वडिलांच्या आजारपणात आणि मग भावाच्या संसारात माझी लग्नाची वर्षं निघून गेली, आणि चाळिशीला टेकल्यावर कराडच्या या घरात आले. घर चांगलं होतं, माणूसही चांगला होता. पण घरात आधीच एक बाई होती. कुमुद. जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी होतीच. जेवून दुपारची कॉटवर पडली ती उठलीच नाही, हार्टनं गेली, एवढंच मला सांगितलेलं. त्यापुढं ना कुणी काही बोललं, ना मी विचारलं.

पण नाव मात्र सगळीकडं. अक्षरशः सगळीकडं. फोटोखाली नाव, ते एक वेळ ठीक आहे. कुकरवर नाव. परातीवर नाव. डब्यांच्या झाकणांवर नाव. "सौ. कुमुद श्रीरंग खटावकर," टिंबाटिंबांनी कोरलेलं. आंघोळीच्या घंगाळ्यावरसुद्धा! रोज सकाळी मी तिच्या नावाचं पाणी अंगावर घेत होते. शिवाय लग्नातच माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला होता. सोन्याच्या पत्र्यावर उमटवलेली बाई, मंगळसूत्राशेजारी लोंबणारी. दुसरेपणाच्या बाईनं तो घालायचा, म्हणजे पहिलीचा आत्मा शांत राहतो म्हणे. तिचा शांत राहत असेल. माझ्या जिवाचं काय?

आणि तो आरसा. घरात आरसा एकच, बाहेरच्या खोलीत, भिंतीत पक्का बसवलेला. कुमुद उंच होती, चांगली ताठ उंच, तिच्या मापानं लावलेला. मी बुटकी. त्यात मला माझं कपाळ दिसायचं, फार तर भुवया. मी दोन वर्षं कुंकू लावण्यापुरतीच स्वतःला बघत होते. आरसा खाली घ्या म्हणून एकदा म्हटलं, तर वन्सं म्हणाल्या, "राहू दे की गं. आमच्या कुमुदनं हौसेनं लावलाय तो." ती "आमची कुमुद" आणि मी नुसती "शैला". मी पुन्हा तोंड उघडलं नाही, पण ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं.

म्हणून तर बेसिन. बेसिनवर आरसा, माझ्या तोंडासमोर, माझ्या उंचीला. त्या घरात तेवढी एक जागा मला माझी हवी होती. संडासात का होईना!

कमोड आणायला गेलो तेव्हाच खरं तर माझं डोकं फिरलं होतं. पितृपक्ष लागायच्या आत आणायचा, पक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, म्हणून वन्संनी घाई लावली. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, वत्सलाताई, पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. त्याही दुकानात आल्या. संडासाच्या भांड्याच्या खरेदीला तीन माणसं, लग्नाचा बस्ता असावा तशी.

दुकानदारानं ओळीनं कमोड मांडले होते. पांढरे, बदामी, गुलाबी, एक तर हिरवागार.

"हा हिरवा घे," वन्सं म्हणाल्या. "आमच्या कुमुदला हिरवा रंग फार."

"वन्सं, त्यावर त्यांना बसायचं नाहीय," मी म्हटलं. दुकानदार खोकला.

"पांढराच," हे म्हणाले. मग एका कमोडपाशी जाऊन त्याचं झाकण पाडलं आणि मला म्हणाले, "बस."

"काय?"

"बसून बघ."

"इथं? लोकांसमोर?"

"लुगड्यासकट बस. त्यात काय आहे!"

मी बसले. लाजेनं अर्धमेली झाले होते. आणि हा माणूस भर दुकानात गुडघे टेकून खाली बसला आणि माझ्या टाचा जमिनीला टेकतात का ते बघायला लागला. पहिल्या कमोडवर टेकेनात. दुसऱ्यावर बोटं टेकली. मला या भांड्यावरून त्या भांड्यावर बसवत यांनी शेवटी कोपऱ्यातला, सगळ्यात ठेंगणा कमोड शोधून काढला.

"अगंबाई, केवढं बुटकं ध्यान हे!" वन्सं म्हणाल्या. "आमच्या घरात सगळी उंच माणसं. श्रीरंग, तुझे गुडघे हनुवटीला लागतील रे."

"लागू देत," हे म्हणाले आणि पिशवीतून दोरी काढून मिस्त्रीला सांगायचं माप घेऊ लागले.

बुटकं ध्यान म्हणजे मीच, हे कळायला मला काही अक्कल लागत नव्हती.

आणि आता ही मोकळी जागा. माझ्या बेसिनच्या उरावर.

मी ज्ञानू मिस्त्रीला हाक मारली. "मिस्त्री, तुम्हीच सांगा. बेसिन बसतंय की नाही?"

ज्ञानूनं आत डोकावून बघितलं. "बसतंय की. वैनी म्हंत्यात ते बरोबर हाय, सायेब. हितं बेसिन, हितं आरसा. बाजूला एवढी जागा सोडून काय गाय बांधायची हाय काय?"

"बेसिन मागच्या व्हरांड्यात," हे म्हणाले. "आणि मिस्त्री, दार बाहेर उघडणारं करा."

तेवढ्यात वन्सं आल्याच. त्यांना आमच्या घरातल्या भांडणाचा वास येत असावा. दाराचं ऐकलं आणि त्या दचकल्याच.

"बाहेर? श्रीरंग, शुद्धीवर आहेस का? बाहेर उघडलं की दार थेट देवघराच्या भिंतीला लागणार. देवाच्या भिंतीवर संडासाचं दार आपटायचं? घर बांधतानाच मी सांगितलं होतं ना, दार आत उघडू दे म्हणून? आठवतं की नाही?"

"आठवतं," हे म्हणाले.

"मग?"

"बाहेरच उघडेल, ताई. पायाशी लाकडी ठोकळा बसवतो. भिंतीला लागणार नाही."

यांचा चेहरा असा काही झाला होता की वन्संनी पुढं काही काढलं नाही. त्यांनी मोर्चा माझ्याकडं वळवला. "नवमीच्या आत आटपा म्हणजे झालं. अविधवा नवमीला आमच्या कुमुदच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायची आहे. घरात हा उकिरडा नको त्या दिवशी."

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कधी नाही ते यांनी घराला हात लावला होता, तोही नवमीच्या तोंडावर. एक जागा मोकळी ठेवायची होती, आणि ती कुणासाठी ते सांगायचं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

वन्सं गेल्या. ज्ञानू चहाला म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेला. मी पदर खोचून बाथरूमच्या दारात उभी राहिले.

"तिच्यासाठीच ठेवताय ना ही जागा?"

"कुणासाठी?"

"ज्यांचं नाव परातीपासून घंगाळ्यापर्यंत आहे, त्यांच्यासाठी. तुमच्या मनात, फोटोत, भांड्यांवर, माझ्या गळ्यातसुद्धा त्याच आहेत. एवढ्यानं भागलं नाही? आता मेलेल्या बाईला संडासातही जागा लागते?"

बोलून गेले. भांड्यावर भांडं आपटावं तसा आवाज झाला माझ्या कानात. मला वाटलं हे ओरडतील. मला तर ओरडायलाच हवे होते. निदान कळलं असतं की माझ्या बोलण्यानं यांना काहीतरी होतं.

हे ओरडले नाहीत. बाथरूममध्ये गेले. जुनं दार अजून जागेवरच होतं, तेच आत उघडणारं. यांनी ते आतून लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. मग काहीतरी सरपटल्यासारखं झालं.

"शैला," आतून आवाज आला. "दार ढकल."

"ही काय थट्टा?"

"ढकल म्हणतो ना."

मी ढकललं. दार बोटभर सरकलं आणि अडलं.

"जोरात."

"अहो, तुम्ही दाराला टेकून बसलाय. कसं उघडेल?"

"बसलो नाही. आडवा आहे. पाय तिकडच्या भिंतीला लागलेत, डोकं दाराशी आहे. ढकल अजून."

मी खांदा लावला. आतून लाकडावर काहीतरी घासलं आणि हे कण्हले. मी झटकन हात मागं घेतला.

"लागेल तुम्हाला!"

"हेच," हे आतून म्हणाले. "हेच झालं होतं त्या दिवशी."

मी तिथंच खाली बसले. दाराच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला हे. हे बोलत राहिले. माझ्याकडं बघून बोलायचं नव्हतं म्हणून सुटलं असेल बोलणं. इतकं बोललेलं मी यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कॉटवर नाही गेली ती. इथं पडली. कडीसुद्धा लावलेली नव्हती. नुसती अशी दाराला आडवी. मी ढकललं की तिचं डोकं घासायचं. ती म्हणायची, हळू, लागतंय हो. मी म्हणायचो, जरा सरक. ती म्हणायची, सरकता येत नाही. फटीतून माझा हात जात होता, मनगटापर्यंत. तिनं माझी बोटं धरली होती. दार आत उघडणारं. आत पाय ठेवायला जागा नाही. शेजारी कुणी नाही, सगळे कामावर. किती वेळ गेला कुणास ठाऊक."

"मग?"

"मग तिचं बोलणं थांबलं. मग मी ढकललं."

मला रडू आलं नाही. खरं सांगते, मला काय वाटलं ते. पहिलं वाटलं ते हे, की तिनं यांची बोटं धरली होती. दाराच्या फटीतून का होईना, यांचा हात शेवटपर्यंत तिच्याकडं होता. त्या मरणाचाही मला हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी असं दाराशी बसेल का, हेच आधी मनात आलं.

"मग कॉटवर गेल्या असं का सांगता सगळ्यांना?"

"मी उचलून आणून निजवली. ताई आली तेव्हा ती कॉटवरच होती. ताईला कसं सांगायचं? दार आत उघडायचं हे तिनंच ठरवलेलं. देवाच्या भिंतीसाठी. तिला हे कळलं तर ती जगायची नाही, शैला. तूही कधी बोलू नकोस."

आतून सरपटल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. यांचे केस चुन्यामातीनं पांढरे झाले होते. गालावर दाराची रेघ उमटली होती. मी पदरानं ती पुसायला गेले, पण अजून माझा ताठा गेला नव्हता. हात मधेच थांबला.

"म्हणजे तिच्यासाठीच," मी म्हटलं. "तिला जे नाही मिळालं ते आता बांधताय. मी आपली त्यावर बसायची."

यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी शुद्ध कानडीत बोलतेय.

"तिच्यासाठी? शैला, तो कमोड बघितलास का तू? कुमुद त्यावर बसली असती तर तिचे गुडघे कानाला लागले असते." आणि हसले. त्या विषयावर बोलताना हसले! "मलाही तो होत नाही. दुकानात मी तुझ्याच टाचा बघत होतो ना? तुला रात्रंदिवस बीपीच्या गोळ्या. तू पडलीस तर मला आत येता आलं पाहिजे. दार बाहेर उघडलं पाहिजे. तुझ्या उजवीकडं मला उभं राहता आलं पाहिजे, वाकून काखेत हात घालता आला पाहिजे. तेवढीच जागा आहे ती. एका माणसाची. माझी."

मी खाली बघितलं. खडूचा पुसलेला चौकोन अजून पुसट दिसत होता.

"आणि तुम्ही पडलात तर?" मी विचारलं. "तुमचं एवढं धूड मी कुठं उचलू?"

"मी पडलो तर ज्ञानू मिस्त्रीला बोलाव."

मला हसू आलं, मेलं. नको असताना आलं. मग मी तो गाल पुसला.

ज्ञानू परत आला तेव्हा मीच खडू घेऊन कमोडचा चौकोन काढला, डाव्या भिंतीकडं. उजवीकडं हे उभे राहिले, मी यांच्या चपलांभोवती रेघ मारली, आणि मिस्त्रीला म्हटलं, "एवढी जागा सोडायची. यात बादलीसुद्धा यायची नाही." ज्ञानूनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि पाइप गाडायला घेतला.

आतली कडी यांनी काढूनच टाकली. कुणी आत असलं की बाहेरच्या खिळ्यावर पंचा टाकायचा, ही आमच्या घरची रीत झाली. पाहुणे हसायचे. बेसिन मागच्या व्हरांड्यात लागलं, आणि त्यावर नवा आरसा. आरशाचा खिळा ठोकताना यांनी मला समोर उभं केलं आणि विचारलं, "हनुवटी दिसते का?" दिसत होती. पुरी मी दिसत होते. नवमीला सवाष्ण जेवली, वन्संनी नवं बाथरूम बघून नाक मुरडलं, आणि मी काही बोलले नाही. वन्सं वारल्या तोपर्यंत कधीच बोलले नाही.

म्हणून माझा जळफळाट संपला असं समजू नका. भांडी मी मोडीत नाही घातली, पण घंगाळं माळ्यावर टाकलं. कुणी कुमुदचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडायचीच. आणि हे बोलता बोलता कधी चुकून मला त्या नावानं हाक मारायचे, तेव्हा मी ओ देत नसे. "शैला," मी म्हणायचे. "शैला नाव आहे माझं." हे जीभ चावायचे. असं आमचं चालायचं, केस पांढरे झाले तरी.

गेल्या साली, संक्रांतीनंतर, भर दुपारी मी पडले. कमोडवरून उठताना चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी सरळ दारापाशी जाऊन आडवी झाले. पाय हलेना. खुब्याचं हाड मोडलंय हे नंतर कळलं. तोंडातून नुसता "अहो" एवढाच शब्द निघाला.

पंचा ओढल्याचा आवाज आला. दार बाहेर गेलं, ठोकळ्यावर थडकलं. ऐंशीला आलेला माझा नवरा माझ्या अंगावरून पाय टाकून आत आला. ज्या जागेत मी कधी बादलीही ठेवू दिली नव्हती त्या जागेत उभा राहिला, वाकला, आणि माझ्या काखेत हात घालून त्यानं मला छातीशी धरलं. आमच्या दोघांच्या मधे तो टाक रुतत होता. यांचे डोळे मिटलेले होते.

"आलो," हे म्हणत होते. "आलो, कुमुद. उघडलं बघ दार. उघडलं."

मी यांची बोटं घट्ट धरली.

"हो," मी म्हटलं. "उघडलं."